जस्ताचं कौतुक करता, मग कॅडमियमचंही सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतल्या आहारविषयक लेखात तिसऱ्या, कालवं आणि शिणाणे या शिंपल्यांचं तोंड भरून कौतुक वाचलं. जस्त, लोह, तांबं, सेलेनियम, बी-१२ जीवनसत्त्व... लेखातलं एकही विधान खोटं नाही. जस्ताच्या बाबतीत तर कालवांच्या जवळपास जाणारं दुसरं नेहमीचं अन्न सापडणं कठीण. पण निम्मी गोष्ट सांगून लेख थांबला. उरलेली निम्मी खाणाऱ्याच्या तब्येतीशी थेट निगडित आहे, म्हणून हे पत्र. माझी नोकरी प्रयोगशाळेत पाण्यातले आणि मातीतले धातू मोजण्यात गेली आणि तिसऱ्या मला जिवापाड आवडतात. म्हणजे दोन्ही बाजूंनी माझा हितसंबंध आहे, हे आधीच सांगून टाकते.

शिंपल्यातला जीव अन्नाच्या मागे धावत नाही. जागेवर बसून तासाला कित्येक लिटरपर्यंत पाणी अंगातून गाळतो आणि त्यातलं सूक्ष्म शेवाळ खातो. पाण्यात विरघळलेले आणि गाळाच्या कणांना चिकटलेले धातूही त्याच वाटेने आत येतात. आवर्तसारणीत जस्त, त्याच्या खाली कॅडमियम हा विषारी धातू आणि त्याखाली पारा असे एकाच उभ्या रांगेत बसतात. धातूंना बांधून ठेवणारी मेटॅलोथायोनिन नावाची प्रथिनं या जिवांत असतात. ती जस्ताला धरतात तशीच कॅडमियमलाही धरतात. ज्या गुणासाठी लेखिकेने कालवांना शाबासकी दिली, त्याच गुणापायी खराब पाण्यातलं कालव धोक्याचं ठरतं. एकाचं वर्णन करून दुसऱ्याबद्दल गप्प राहणं म्हणूनच मला खटकलं.

सगळ्यात जास्त खटकलं ते रक्तक्षय असलेल्या मुलींनी आणि गरोदर स्त्रियांनी 'भरपूर' शिंपले खावेत हे वाक्य. शरीरात लोह कमी असलं की आतडी अन्नातलं कॅडमियम अधिक शोषून घेतात. लोहासाठी आसुसलेल्या शरीराला दोन धातूंमधला फरक नीट कळत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आढळला. म्हणजे ज्यांना हा सल्ला दिला, त्यांनाच पाण्याची चौकशी करण्याची गरज जास्त. आणि कॅडमियम हा काही आठवड्याभरात लघवीवाटे निघून जाणारा पाहुणा नव्हे. तो मूत्रपिंडात साठतो आणि साठलेल्यातला निम्मा बाहेर पडायला दहा ते तीस वर्षं लागतात. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या अंगात तो तंबाखूतूनही येत असतो, ती भर वेगळी.

किती म्हणजे जास्त, याचा हिशेब अवघड नाही. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २००९ मध्ये कॅडमियमची सहन होण्याजोगी मात्रा शरीराच्या दर किलो वजनामागे आठवड्याला २.५ मायक्रोग्रॅम ठरवली. साठ किलोच्या बाईसाठी ती १५० मायक्रोग्रॅम झाली. युरोपात शिंपल्यांच्या मांसासाठी कॅडमियमची कायदेशीर मर्यादा किलोला १ मिलिग्रॅम आहे. त्या मर्यादेला टेकलेल्या शिंपल्यांचं १५० ग्रॅम मांस खाल्लं की आठवड्याचा कोटा संपला. किलोभर तिसऱ्या फोडल्यावर हाती लागणारं मांस साधारण तेवढंच असतं. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने काही शिंपल्यांसाठी २ मिलिग्रॅमपर्यंत मुभा दिली आहे, तिथे ७५ ग्रॅमलाच हिशेब पुरा होतो. भात आणि पालेभाजीतून येणारं कॅडमियम यात धरलेलंच नाही. लगेच ताट बाजूला सारू नका. मर्यादा ही वरची रेघ असते, स्वच्छ पाण्यातला माल तिच्या कितीतरी खाली असू शकतो, आणि ही मात्रा जन्मभर रोज खाल्लं तर काय, या हिशेबाने काढलेली असते. एका रविवारच्या सुक्क्याने कोणाचं मूत्रपिंड जात नाही.

घरात आपण जी काळजी घेतो, तिचा इथे उपयोग नाही. तिसऱ्या मिठाच्या पाण्यात घालून ठेवल्या की वाळू सुटते. स्वच्छ पाण्यात दिवस-दोन दिवस ठेवल्या तर जंतूही पुष्कळ कमी होतात. धातू मात्र पेशींत बसलेले असतात, ते निघायला स्वच्छ पाण्यात आठवडे किंवा महिने जावे लागतात. उकळून, आमसूल घालून, तळून काही फरक पडत नाही. उलट विळीवर फोडताना खाली ताटलीत साठलेलं ते खारट पाणी आपण गाळून सुक्क्यात ओततो (मीही ओतते, त्याशिवाय चव येत नाही). चिंबोरीचं थोडं वेगळं आहे. तिच्या नांग्यांतल्या पांढऱ्या मांसात कॅडमियम कमी असतं आणि कवचाखालच्या पिवळट-तपकिरी भागात जास्त. युरोपीय आयोगाने २०११ मध्ये खेकड्यांच्या या भागाबद्दल ग्राहकांसाठी खास सूचना काढली होती. लहान मुलांना नांग्या द्याव्यात, इतकं तरी घरात सहज जमण्यासारखं आहे.

डोळ्यांवर विसंबणंही खरं नाही. १९८६ मध्ये तैवानच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर एरजेन नदीच्या मुखाजवळ कालवं हिरवी झाली. नदीकाठी भंगारातून धातू काढण्याचे धंदे चालत, त्यांचं तांबं पाण्यात उतरलं होतं. रंग दिसला म्हणून बोंब झाली. (फ्रान्समधली काही कालवं एका सूक्ष्म शेवाळामुळे हिरवी होतात आणि जास्त भावाने विकली जातात, तेव्हा हिरवं म्हणजे विषारी असंही नाही.) कॅडमियम, शिसं आणि पारा तर रंग, वास, चव यांपैकी काहीच दाखवत नाहीत. जपानमधल्या मिनामाताच्या लोकांनी तिथल्या उपसागरातले मासे आणि शिंपले वर्षानुवर्षं खाल्ले ते चांगले दिसत होते म्हणूनच. आजार अधिकृतपणे नोंदला गेला १९५६ मध्ये, आणि कारखान्याच्या पाण्यातला पारा हेच कारण असल्याचं सरकारने मान्य केलं ते १९६८ मध्ये. आपल्याकडे मिनामाता झालंय असं मला अजिबात म्हणायचं नाही. मोजल्याशिवाय कळत नाही, एवढंच.

आता आपल्याकडे कोण मोजतं? ठाण्याच्या खाडीचंच घ्या. एका अंगाला मुंबई-ठाण्याचं सांडपाणी, दुसऱ्या अंगाला साठच्या दशकापासूनचा ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टा. कारखान्यांचं पाणी पूर्वीपेक्षा सुधारलं असं मानलं, तरी गाळात बसलेले जुने धातू तिथेच असतात आणि उपसा झाला की पुन्हा पाण्यात येऊ शकतात. पावसाळ्यात खाडीचा खारेपणा उतरला की शिंपल्यांना कॅडमियम शोषून घेणं आणखी सोपं जातं. २०२२ मध्ये रोहित पक्ष्यांच्या कृपेने ही खाडी आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेली, आनंदच आहे. त्या चिखलातल्या शिवल्या नावाचे शिंपले खाणाऱ्या माणसांसाठी मात्र साधा फलकही मला कुठे दिसला नाही. प्रदूषण नियंत्रण मंडळ पाणी तपासतं. अन्न व औषध प्रशासन दिवाळीच्या तोंडावर मावा आणि तेल पकडतं. निर्यातीच्या मालाला तपासणी चुकत नाही, कारण पलीकडचा देश परत पाठवतो. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या नियमांत शिंपल्यांतल्या शिशा-कॅडमियमची मर्यादा छापलेली आहे. पण आपल्या बाजारातल्या वाट्याची तपासणी होऊन निकाल लोकांसमोर आला, असं मी तरी कधी वाचलेलं नाही. बाजारात मी विचारते, "मावशी, कुठल्या गं?" उत्तर येतं, "ताज्या हायत गो बाय, तोंडं बघ कशी मिटलीत!" तिचं चुकत नाही. ताजेपणा तिच्या हातात आहे, खाडी नाही.

म्हणून मागणी साधी आहे: प्रत्येक खाडीतल्या शिंपल्यांचे नमुने वर्षातून निदान दोनदा, पावसाळ्यानंतर आणि उन्हाळ्यात, तपासावेत आणि निकाल मराठीत जाहीर करावेत. हे काही चंद्रावर जाणं नव्हे. अमेरिकेत १९८६ पासून शिणाण्यांचे आणि कालवांचे नमुने घेऊन किनाऱ्याचं प्रदूषण मोजण्याचा सरकारी कार्यक्रम चालू आहे. आपल्याकडे वर्सोव्यात केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे, रत्नागिरीत मत्स्य महाविद्यालय आहे, दोनापावलात राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. उपकरणं आहेत, माणसं आहेत, शोधनिबंधही निघतात. ते इंग्रजीत निघतात आणि मासळीबाजारापर्यंत पोहोचत नाहीत.

निकाल खाडीवार हवेत, याला कारण आहे. २०१८ च्या जुलैमध्ये गोव्यात मासळी टिकवायला फॉर्मेलिन हे रसायन वापरतात अशी भीती पसरली, तेव्हा सगळीच मासळी संशयात सापडली. 'शिंपल्यांत विष' असा मथळा उद्या कोणी छापला, तर आचऱ्याच्या खाडीत ओहोटीला कंबरभर पाण्यात उतरून तिसऱ्या काढणारी बाई ठाण्याच्या कारखान्यांची शिक्षा भोगेल. तिच्या खाडीचा कागद स्वच्छ निघाला, तर तोच तिच्या पाटीवर लावता येईल आणि तिला चार पैसे जास्त मिळतील. केरळात अष्टमुडी सरोवरातल्या शिंपल्यांना २०१४ मध्ये शाश्वत मासेमारीचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालं. त्याचा विषय वेगळा होता, पण माल कुठून येतो हे नावानिशी सांगितलं की बाजार ते ओळखतो, हे तिथे दिसलं. ज्या खाडीचा निकाल वाईट येईल, तिथल्या बायकांना मात्र नुकसानभरपाई मिळायला हवी, आणि ती ज्यांनी पाणी घाण केलं त्यांच्याकडून वसूल करून.

आपल्या वृत्तपत्राकडून एक अपेक्षा आहे. शहरातल्या तीन-चार मासळीबाजारांतून तिसऱ्यांचे आणि कालवांचे नमुने घेऊन मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत शिसं, कॅडमियम आणि पारा तपासून घ्या. पाककृतींच्या पानाला जेवढी जागा देता, तेवढ्याच जागेत आकडे छापा. नमुने कसे घ्यायचे, कशात ठेवायचे, यात काही मदत लागली तर मी विनामूल्य करीन.

कळावे,
आपली एक नियमित वाचक,
ठाणे