ग्रो लाइटचा रंग नका बघू, उंची बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत घरातल्या बागेवर लेख आला होता. चांगला होता, पण शेवटी शेवंतीच्या पॉलिहाउसचा दाखला देऊन "उजेड कमी असेल तर ग्रो लाइट (झाडं वाढवायचा दिवा) लावा" एवढं सांगून संपवला. कुठला लावायचा, किती उंचीवर, किती तास, काहीच नाही. आणि नेमकं त्याच आठवड्यात पुण्याच्या मामेबहिणीने अशाच एका जांभळ्या ग्रो लाइटचा फोटो पाठवला, येताना तिकडून हा घेऊन येशील का म्हणून. म्हटलं आता लिहावंच. मी टोरंटोजवळ मिसिसागाला राहते, इथे आम्ही मराठी माणसं हिवाळाभर कडिपत्ता, तुळस, मोगरा घरात दिव्याखाली जगवतो आणि मार्चपासून मिरची-टोमॅटोची रोपं करतो, त्यामुळे हा विषय आमच्या बेसमेंटमधला रोजचाच आहे.

आधी पुण्या-नाशिककडच्या वाचकांसाठी, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांनी एवढंच वाचलं तरी चालेल. तुम्हाला बहुतेक हा दिवा लागतच नाही हो. डिसेंबरच्या सगळ्यात छोट्या दिवशी पुण्यात जवळजवळ ११ तासांचा दिवस असतो आणि दुपारी सूर्य ४८ अंश वर असतो. आमच्याकडे दिवस जेमतेम ९ तासांचा, दुपारी बारालाही सूर्य २३ अंशांवर, म्हणजे समोरच्या घराच्या छपरावर टेकल्यासारखा, आणि त्यातून नोव्हेंबर-डिसेंबरात ग्रेट लेक्समुळे, म्हणजे इथल्या मोठ्या सरोवरांमुळे, ढग इतके की आठवडा आठवडा ऊन दिसत नाही. आमची गरज आहे, तुमची नाही. बाल्कनीत तीन-चार तास ऊन येत असेल तर रोपांचा ट्रे तिकडे सरकवा आणि पैसे वाचवा. हां, खिडकी फक्त डक्टकडे उघडत असेल किंवा समोरच टॉवर उभा राहिला असेल तर मग पुढचं वाचा.

मुख्य घोटाळा असा की उजेड डोळ्याने मोजता येत नाही. आपला डोळा फार जुळवून घेतो त्यामुळे ट्यूब लावलेला हॉल आपल्याला लख्ख वाटतो पण तिथे फार तर ३००-४०० लक्स (जागेवर किती उजेड पडतो त्याचं माप) असतात, आणि बाहेर भर दुपारच्या उन्हात १ लाख. ढगाळ दिवसालासुद्धा बाहेर १० हजाराच्या आसपास असतात. रोपांना बी उगवल्यापासून १० ते १५ हजार लक्स रोज १४ ते १६ तास मिळाले की ती बुटकी, जाड दांड्याची, गडद हिरवी होतात. नुसतं तग धरून राहायचंय अशा कडिपत्त्याला चार-पाच हजारात भागतं. मोबाइलवर लक्स मोजायचं फुकट अ‍ॅप मिळतं, ते अगदी काटेकोर नसतं पण ३०० आहेत का १० हजार एवढं त्यात नक्की कळतं. फक्त पांढऱ्या दिव्याखालीच मोजा, जांभळ्याखाली आकडा चुकीचा येतो कारण लक्स हे माप माणसाच्या डोळ्याप्रमाणे बेतलेलं आहे.

उजेड कमी पडला की काय होतं ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे, घटस्थापनेचं धान्य आठवा. देवघरात अंधाऱ्या कोपऱ्यात पेरलेला गहू नऊ दिवसांत कसा सरसर वाढतो, लांब, नाजूक, पिवळसर. देवापुढे तो शोभतो, पण टोमॅटोचं रोप तसं झालं तर ते बाहेर लावल्यावर पहिल्या वाऱ्यात आडवं होतं. खिडकीत ठेवलेली रोपं काचेकडे वाकून बारीक होतात तेही हेच, आणि लोक म्हणतात खत कमी पडलं! खताने काही होत नाही तिथे, उलट आणखीच लांबतात.

आता रंगाचं. झाडाचं हरितद्रव्य लाल आणि निळा प्रकाश जास्त शोषतं हे खरं, त्यावरूनच लाल-निळे एलईडी एकत्र करून ते जांभळे दिवे निघाले. पण हिरवा प्रकाश वाया जातो हे खरं नाही, तो पानाच्या आतल्या थरापर्यंत पोचतो आणि तिथे कामाला येतो. आणि साधा पांढरा एलईडी म्हणजे तरी काय, निळ्या एलईडीवर पिवळा लेप. तो निळा एलईडी शोधणाऱ्या जपानमध्ये जन्मलेल्या तिघा शास्त्रज्ञांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यांच्या कृपेने आज हार्डवेअरच्या दुकानातली ४ फुटी पट्टी, ४० वॅटची, साधारण ४ ते ५ हजार लुमेनची (लुमेन म्हणजे दिवा एकूण किती उजेड टाकतो ते), रोपांना व्यवस्थित पुरते. ४००० ते ६५०० केल्विन (उजेडाच्या रंगछटेचं माप) लिहिलेलं कुठलंही चालतं. शिवाय पांढऱ्या उजेडात पान पिवळं पडलंय का, कीड लागलीय का ते दिसतं, जांभळ्यात सगळंच काळपट दिसतं आणि घरात डिस्को बार उघडल्यासारखं वाटतं ते वेगळंच. वॅटच्या आकड्यालाही भुलू नका, डब्यावर मोठ्या अक्षरात १००० वॅट असतात आणि मागे बारीक अक्षरात खरा वापर शंभरच्या आसपास. लुमेन छापलेले नसतील तर तो दिवा घेऊच नका.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट उंची. उघड्या बल्बपासून अंतर दुप्पट केलं की उजेड चौथाई होतो. लांब पट्टीचा इतका झपाट्याने नाही पण तरी घटतोच. ९ वॅटचा साधा बल्ब टेबल लॅम्पमध्ये घालून तुळशीच्या एका छोट्या कुंडीवर वीतभर उंचीवर ठेवला तर काम करतो, आणि तोच बल्ब छताला लावला तर झाडाच्या दृष्टीने अंधारच. आम्ही काय करतो, लोखंडी रॅकच्या प्रत्येक कप्प्याला वरून साखळीने दोन पट्ट्या टांगतो, रोपांच्या शेंड्यापासून ४ ते ६ इंचावर, आणि रोपं वाढतील तशी साखळीची एकेक कडी वर घेत जायचं. बाजूंना पांढरा पुठ्ठा लावायचा म्हणजे उजेड बाहेर सांडत नाही. मोठे जोरदार पॅनेल असतील तर मात्र फूट-दीड फूट लांब ठेवा नाहीतर पानं भाजल्यासारखी पांढरी पडतात. वायर आणि बोर्ड कुंड्यांच्या पातळीपेक्षा वर बांधा, पाणी खाली ओघळतं, हे सांगायला नको पण सांगते.

तासांसाठी टायमर घ्याच, हाताने चालू-बंद करणं दोन आठवड्यांपुढे कोणाला जमलेलं मी बघितलं नाही. रोपांना १६ तास, मोठ्या झाडांना १२. चोवीस तास दिवा ठेवला तर दुप्पट वाढतील असं नसतं, टोमॅटोची पानं तर सतत उजेडात पिवळी पडून खराब होतात, रात्र लागतेच. पण ती रात्र आपल्या रात्रीलाच हवी असं काही नाही! इथे ओंटारियोत २०२३ पासून विजेचा एक प्लॅन आहे त्यात रात्री ११ ते सकाळी ७ वीज सगळ्यात स्वस्त आणि कामाच्या दिवशी संध्याकाळी ४ ते ९ सगळ्यात महाग, मग बेसमेंटमधला दिवा रात्री ९ ला चालू आणि दुसऱ्या दिवशी दुपारी १ ला बंद, झाले १६ तास. खर्च म्हणाल तर ४० वॅटची एक पट्टी १६ तास लावली तर महिन्याला साधारण १९ युनिट. त्या जांभळ्या दिव्याच्या किमतीत हिवाळा निघतो.

मोठ्या झाडांचं थोडं वेगळं आहे. गणपती गेले की कुंड्या आत घ्यायची तयारी सुरू करायची, रात्रीचं तापमान १० च्या खाली जायला लागलं की कडिपत्ता आणि तुळस दोन्ही रुसतात. आत घ्यायच्या आधी पानांच्या मागून साबणाच्या पाण्याने धुवायचं कारण पिठ्या ढेकूण आणि खवले कीड आत आली की त्यांना खायला कोणी नसतं, आणि हीटिंगच्या कोरड्या हवेत लाल कोळी तर वाट बघत असतो. आत आल्यावर कडिपत्ता पानं गाळतो, आणि इथेच सगळे घाबरून पाणी वाढवतात. अहो त्याची झोपायची वेळ आहे, उजेड कमी, वाढ थांबलेली, पाणी कोण पिणार, मुळं कुजतात आणि मार्चमध्ये म्हणतात थंडीने मेला. वरची दोन इंच माती कोरडी झाल्याशिवाय पाणी नाही, खत फेब्रुवारी संपेपर्यंत अजिबात नाही. मोगऱ्याला उलट खोली जरा थंडच बरी. तुळस तुळशीच्या लग्नापर्यंत छान राहते मग काटकुळी होत जाते, तिला ओढून ताणून जगवण्यापेक्षा मंजिऱ्यांचं बी ठेवून मार्चमध्ये नवी करणं सोपं. बी मातीत पुरायचं नाही, वरच भुरभुरून हाताने दाबायचं.

रोपांच्या बाबतीत घाई हा आमच्या मंडळींचा मोठा दोष. संक्रांतीलाच बी टाकतात, मग एप्रिलमध्ये घरभर दोन-दोन फुटी टोमॅटो आणि बाहेर अजून बर्फ. इथे झाडं बाहेर जातात मे महिन्याच्या उत्तरार्धात, व्हिक्टोरिया डेच्या सुट्टीच्या सुमारास, त्याआधी ८ ते १० आठवडे मिरची-वांगी आणि ६ ते ८ आठवडे टोमॅटो, म्हणजे आपल्या हिशेबाने होळी ते पाडव्याच्या दरम्यान मिरची आणि पाडवा झाल्यावर टोमॅटो. दोडका, कारलं, भेंडी एप्रिलच्या शेवटी. मिरचीचं बी उगवायला उजेडापेक्षा ऊब लागते, २५ ते ३० डिग्री, पण पहिली दोन पानं दिसली की त्याच दिवशी दिव्याखाली, उद्या करू म्हटलं की गेलं. प्रोट्रेला (रोपं करायच्या खाचांच्या ट्रेला) पाणी खालून द्या आणि छोटा पंखा हळू फिरवत ठेवा, नाहीतर बुरशीने रोपं मातीलगत सडून कोलमडतात. बाहेर नेताना आठ-दहा दिवस हळूहळू, आधी तासभर सावलीत, मग वाढवत.

एक गोष्ट त्या लेखात मिसळली गेली होती ती वेगळी करायला हवी. महाराष्ट्रात शेवंतीवाले पॉलिहाउसमध्ये रात्री बल्ब लावतात, त्याचा दाखला देऊन ग्रो लाइटचं समर्थन केलं होतं. तो उजेड झाडाचं जेवण नाही, तो फक्त "दिवस अजून मोठा आहे" असा निरोप आहे, म्हणजे शेवंती लवकर फुलावर येत नाही आणि दांडा लांब मिळतो. त्याला अगदी थोडा उजेड पुरतो. त्याच हिशेबाने कोणी रोपांवर लांबून एक बल्ब टांगला तर घटातला गहूच हाती येणार.

तर विनंती अशी की पुढच्या वेळी दिव्यांबद्दल छापाल तेव्हा लुमेन, उंची आणि तास हे तीन आकडे तरी द्या. आणि तिकडच्या एखाद्या कृषी महाविद्यालयातल्या माणसाकडून टॉवरच्या सावलीतल्या फ्लॅटसाठी लिहून घ्या, दिव्याशिवाय तिथे काय काय येतं ते, कारण ते इथून मला सांगता येणार नाही. इकडे येणाऱ्या आई-बाबांनी बॅगेत मातीसकट कडिपत्त्याचं रोप आणू नये हेही कुठेतरी छापलंत तर बरं, भारतातून माती आणायला इथे बंदी आहे, विमानतळावरच काढून घेतात.

आपली,
एक वाचक
मिसिसागा, कॅनडा