ओळ कुणीतरी द्यावीच लागते

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत म्हातारपणी ध्वनिमुद्रण करणाऱ्या गायकांवरचा लेख वाचला. त्यात ग्लेन कॅम्पबेल या अमेरिकन कंट्री (तिकडच्या गावाकडच्या वळणाच्या) गायकाच्या ‘अडिओस’ या शेवटच्या अल्बमचा निकाल चार ओळींत लावून टाकलाय. स्मरणशक्ती गेलेल्या माणसाला माइकपुढं उभं केलं, एकेक ओळ सांगून लोकांची उसनी गाणी त्याच्याकडून गाऊन घेतली आणि तो मेल्यावर विकली, असा एकूण सूर आहे.

आधी तारखेचं बघू. अल्बम बाजारात आला ९ जून २०१७ ला आणि कॅम्पबेल वारला ८ ऑगस्ट २०१७ ला, वयाच्या ८१ व्या वर्षी. म्हणजे दोन महिने आधी. ‘मेल्यावर विकली’ हे तेवढं दुरुस्त करावं. बाकीचं दुरुस्त करण्यासारखं नाही, पण बोलण्यासारखं आहे.

मी टेलिफोन खात्यात ३४ वर्षं लाइनमन होतो. इंग्रजी गाण्यांशी माझा संबंध यायचं काही कारण नव्हतं. नव्वदच्या आसपास आमच्या एक्स्चेंजला एक नवा ज्युनिअर इंजिनिअर आला, त्याच्याकडं कॅसेटींची एक पिशवी असायची. एकदा डबा खाताना म्हणाला, “अहो, हे तुमच्या कामाचं गाणं आहे, ऐका तरी.” ते कॅम्पबेलचं ‘विचिटा लाइनमन’, १९६८ चं. शब्द त्यानं थांबून थांबून समजावले. उघड्या माळावरून गेलेल्या तारांच्या गुणगुणीत एका लाइनमनला आपल्या माणसाचा आवाज ऐकू येतो, एवढाच विषय. ज्यानं खांबावर चढून काम केलंय त्याला हे समजवावं लागत नाही. आषाढात कोरेगाव-रहिमतपूर रस्त्याला वारा सुटला की तारा गातात. खांबाला कान लावला तर आत मोहोळ बसलंय असं वाटतं. त्यावर कुणी गाणं केलंय हे मला त्या दिवशी कळलं, आणि भाकरी हातात तशीच राहिली.

हे गाणं लिहिलं जिमी वेबनं. त्यानं ते अर्धवटच पाठवलं होतं, एक कडवं व्हायचं होतं. कॅम्पबेलनं वाट बघितली नाही. कडव्याच्या रिकाम्या जागेत त्यानं खर्जातली सहा तारांची बास गिटार वाजवली आणि गाणं तसंच रेकॉर्ड झालं. आपल्याकडं गाण्यातल्या ‘जागा’ म्हणतात. ही जागा वेबनं लिहिलेली नाही, आणि आज ती काढून घेतली तर गाणं लंगडं पडेल.

हे सगळं सांगायचं कारण ‘उसनी गाणी’ हा शब्द. कॅम्पबेलची गाजलेली गाणी बहुतेक दुसऱ्यांचीच आहेत. ‘जेंटल ऑन माय माइंड’ जॉन हार्टफर्डचं, ‘गॅल्व्हस्टन’ वेबचं, १९७५ साली पहिल्या क्रमांकावर गेलेलं ‘ऱ्हाइनस्टोन काउबॉय’ लॅरी वाइसचं. आर्कान्सातल्या कुळानं शेती करणाऱ्याच्या बारा पोरांतला हा एक. १९६० मध्ये लॉस एंजेलिसला गेला आणि स्टुडिओत रोजंदारीवर गिटार वाजवायला लागला. स्वरलिपी वाचता येत नव्हती. फ्रँक सिनात्राच्या ‘स्ट्रेंजर्स इन द नाइट’वर आणि बीच बॉइजच्या ‘पेट साउंड्स’वर त्याची गिटार आहे. दुसऱ्याचं गाणं आपल्या हातानं उभं करायचं, हाच त्याचा धंदा. पंचवीस वर्षांचा असतानाही तेच आणि पंचाहत्तरीतही तेच. तेव्हा म्हातारपणी नवं काही सुचेना म्हणून तो लोकांच्या गाण्यांकडं वळला, हे म्हणणं सुताराला ‘लाकूड तुझं नव्हतं’ म्हणण्यापैकी आहे.

आणि मुळात आपण मराठी माणसांनी तरी हे म्हणू नये. आमच्या गावच्या भजनात चारशे वर्षांपूर्वीच्या माणसाचा अभंग रोज होतो. शेवटच्या चरणात त्याचं नावसुद्धा येतं, ‘तुका म्हणे’. गाणारा तेही गातो, आणि ऐकणारा म्हणतो, आज बुवांचा अभंग काय लागला! बुवांचा.

आता ‘एकेक ओळ सांगून’. २०११ च्या जूनमध्ये कॅम्पबेलनं आपल्याला अल्झायमर असल्याचं जाहीर केलं आणि निरोपाचा दौरा काढला. तो १५१ कार्यक्रमांचा झाला. बरोबरच्या वाद्यवृंदात त्याचीच तीन मुलं, समोर शब्द दाखवणारा पडदा. ३० नोव्हेंबर २०१२ ला कॅलिफोर्नियात नापा इथं शेवटचा कार्यक्रम झाला. ‘अडिओस’चं गाणं झालं ते या दौऱ्यानंतर, नॅशव्हिलमध्ये. करवून घेणारा कार्ल जॅक्सन. हा पोरवयात कॅम्पबेलच्या संचात बँजो वाजवायला आला आणि बारा वर्षं राहिला. म्हणजे कंपनीनं पाठवलेला कुणी परका नव्हे. तो गाण्याचे शब्द मोठ्या अक्षरांत छापून आणायचा, कॅम्पबेलच्या शेजारी उभा राहायचा, ओळ म्हणून दाखवायचा आणि मग कॅम्पबेल ती गायचा. पुढची ओळ, पुन्हा तसंच.

लेखकमहाशयांना यात फसवणूक दिसली. मला आमचा भजनाचा पार दिसला. एकानं ओळ द्यायची, बाकीच्यांनी ती धरायची, याशिवाय भजन होतंच कसं? ओळ दिली म्हणून सूर देता येत नाही. तो गळ्यातच असावा लागतो. आणि तो आहे की नाही हे अल्बम ऐकून कुणालाही ठरवता येतं. विली नेल्सन या दुसऱ्या कंट्री गायकाच्या ‘फनी हाउ टाइम स्लिप्स अवे’मध्ये खुद्द नेल्सन बरोबर गायलाय. तो नेहमीसारखा ठेक्याच्या किंचित मागं रेंगाळत, बोलल्यासारखा येतो. कॅम्पबेलचा सूर त्याच्याशेजारी ओळंबा लावून रोवलेल्या खांबासारखा सरळ. आवाजाला वरच्या बाजूला थोडी खरखर आलीय, पण डळमळ मला तरी सापडली नाही. रॉजर मिलर या आणखी एका कंट्री गायकाच्या गाण्याची सुरुवात मिलरच्याच जुन्या घरगुती टेपनं होते. मिलर १९९२ मध्ये गेला. आधी तो गातो, मग तीच ओळ कॅम्पबेल उचलतो. इथंही ओळ कुणीतरी देतंच आहे, फक्त पलीकडून.

अल्बम सगळाच थोर आहे असं माझं म्हणणं नाही. त्यातलं ‘अ थिंग कॉल्ड लव्ह’ मला गुळचट वाटतं. बॉब डिलनच्या गाण्यातला डंख कॅम्पबेलच्या गोड गळ्यात बोथट होतो. वेबची चार गाणी मात्र परत परत ऐकावीत. त्यातलं शेवटचं, ज्याचं नाव अल्बमला दिलंय, त्यात कॅलिफोर्नियाचा निरोप आहे. ज्यानं आयुष्य तिथं घडवलं तो हे गातो तेव्हा आवाजात रडं नाही, भाव खाणं नाही. घराला कुलूप लावून किल्ली शेजाऱ्याकडं द्यावी, इतकं साधं. त्याच्या आर्कान्सातल्या लहानपणावरचं, पाच डॉलरच्या गिटारचं गाणंही यात आहे. ते जॅक्सननं कॅम्पबेलच्याच तोंडून ऐकलेल्या आठवणींवरून पूर्वी कधी लिहून ठेवलेलं. त्याच्या आठवणी त्याच्याकडून निघून गेल्यावर जॅक्सनकडं जमा होत्या, त्यानं त्या परत केल्या. गाताना शेजारी उभा होता तोही जॅक्सनच.

हे मला इतकं का लागलं, तेही सांगतो. माझे थोरले बंधू, अण्णा, यांनी गावात चाळीस वर्षं हरिपाठ चालवला. आता वय ८२. जेवलो की नाही ते आठवत नाही, मला कधी ओळखतात, कधी “पाटबंधाऱ्याचे साहेब आले का?” म्हणून विचारतात. दोन वर्षांपूर्वी पुतण्यानं डीटीपीवाल्याकडून अभंग मोठ्या टाइपात छापून आणले, एका पानावर चार ओळी. कागद अण्णांच्या हातात टिकत नाही, त्याची घडी घालत बसतात. पण शेजारी बसून मी पहिले दोन शब्द दिले की पुढचं अख्खं चरण येतं, चालीसकट, आणि हात आपोआप टाळ धरल्यासारखे होतात. कधी मध्येच थांबून “पुढं?” म्हणतात. दिलं की परत सुरू. कधी दहा वेळा दिलं तरी काही येत नाही, नुसते बघत राहतात. तेव्हा आम्ही थांबतो. तेवढी अर्धी घटका ते स्वतःच्या घरी असतात, असं माझ्या वहिनी म्हणतात. त्या अर्ध्या घटकेला कुणी फसवणूक म्हटलं तर मला राग येणार.

एका बाबतीत मात्र लेखाशी भांडता येत नाही. ध्वनिमुद्रण होऊन अल्बम काही वर्षं पडून राहिला. तो आला तेव्हा कॅम्पबेल नॅशव्हिलमध्ये सेवागृहात होता, आजाराच्या शेवटच्या टप्प्यात. आपलं गाणं बाहेर पडतंय हे त्याला कळणं शक्य नव्हतं. दौरा त्यानं आपणहून काढला, माइकपुढं आपल्या पायांनी गेला, हे खरं. पण गाणं आणि विकणं यात फरक आहे, आणि विकण्याला त्याची संमती होती का, याचं उत्तर माझ्याकडं नाही. त्याच वर्षी नेल्सनबरोबरच्या त्या गाण्याला कंट्री संगीतवाल्यांचं बक्षीस मिळालं, तेव्हा तो नव्हताच.

याचा विचार मला घरीच करावा लागला. दिवाळीत नातवानं अण्णांचा एक अभंग मोबाइलवर टिपला आणि घरच्या ग्रुपवर टाकला. पुण्या-मुंबईच्या पोरांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली. मी नातवाला रागावलो, आजोबांना विचारलं होतंस का म्हणून. तो बिचारा गप्प झाला आणि त्यानं मोबाइल अण्णांच्या कानाशी नेला. अण्णांनी डोळे मिटून सगळा ऐकला. मग मला विचारलं, “कोण रे हा? सुरात आहे.”

आपला,
एक निवृत्त लाइनमन
ता. कोरेगाव, जि. सातारा