‘नॉकआउट’ छापताना

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मुष्टियुद्धाच्या बातम्यांत हल्ली गुणांवर हरलेला खेळाडू ‘नॉकआउट’ होतो, पंचांनी लढत थांबवली तरी ‘नॉकआउट’ होतो आणि उपांत्यपूर्व फेरीत गारद झाला तरी ‘नॉकआउट’च. शिवाय साखळी संपून बाद फेऱ्या सुरू झाल्या की त्यांचेही नाव तेच. क्रिकेट-कबड्डीच्या बातमीत हे खपून जाते. आमच्या खेळात मात्र या शब्दावर खेळाडूची पुढची लढत केव्हा, हे ठरते. तेव्हा रिंगणात नेमके काय होते ते सविस्तर लिहितो.

ठोसा बसल्यामुळे पावलांखेरीज अंगाचा कोणताही भाग रिंगणाच्या जमिनीला, म्हणजे कॅनव्हासला, टेकला की तो ‘नॉकडाउन’. गुडघा टेकला, नुसता ग्लोव्ह टेकला, तरी पुरे. ठोसा खाऊन दोरांवर लोंबकळला किंवा दोरांबाहेर गेला तरी तेच. हौशी लढतीत खेळाडू उभा असला, पण नजर शून्य आणि हात खाली आले, तरी पंच मोजणी देऊ शकतात. पाय घसरला किंवा ढकलल्यामुळे पडला तर मोजणी नाही. ठोसा आणि धक्का एकाच वेळी आला तर पंचांनाही क्षणभर विचार करावा लागतो, आणि प्रेक्षकांचा आरडाओरडा बहुतेक वेळा तिथेच होतो.

खेळाडू पडल्यावर एक सेकंद जाऊ देऊन पंच ‘एक’ म्हणतात. पुढचा प्रत्येक आकडा सेकंदाच्या अंतराने, मोठ्याने आणि पडलेल्याला दिसेल असा बोटांनी दाखवून. दरम्यान प्रतिस्पर्ध्याने तटस्थ कोपऱ्यात, म्हणजे दोघांपैकी कुणाचाच नसलेल्या कोपऱ्यात, जायचे. तो गेला नाही तर मोजणी थांबते. खेळाडू तीनला उठला तरी आठपर्यंत मोजणी पुरी होते. ही ‘सक्तीची आठ’ उपकार म्हणून नसते. त्या सेकंदांत पंच त्याचे डोळे, पायांचा तोल आणि हात वर येतात का हे पाहत असतात. आठला तयार दिसला तर ‘बॉक्स’, म्हणजे खेळा, नाही तर दहापर्यंत. दहा झाले की नॉकआउट. मध्येच फेरी संपल्याची घंटा झाली तरी मोजणी चालूच राहते.

दहाचा हा आकडा हातमोजे घालून लढण्याच्या क्वीन्सबरी नियमांतून, म्हणजे १८६७ पासून आला. त्याआधी, उघड्या मुठींच्या काळात, पडणे म्हणजे फेरी संपणे होते. १८३८च्या लंडन नियमांत पडलेल्याला ३० सेकंद विश्रांती आणि नंतर ८ सेकंदांत स्वतःच्या पायांनी मधल्या रेषेशी येण्याची मुभा होती. तटस्थ कोपऱ्याचा नियम किती महाग पडतो ते २२ सप्टेंबर १९२७ला शिकागोत दिसले. हेवीवेट विजेतेपदाच्या लढतीत, सातव्या फेरीत, जॅक डेम्प्सीने जीन टनीला पाडले, पण स्वतः त्याच्याजवळच घुटमळला. तो कोपऱ्यात जाईपर्यंत पंच डेव्ह बॅरी यांनी मोजणी सुरू केली नाही. टनी नवाला उठला, प्रत्यक्षात तेव्हा चौदाच्या आसपास सेकंद झाले होते. पुढे तो गुणांवर जिंकला. नियमाने पाहिले तर बॅरींचे काही चुकले नव्हते.

नॉकआउट म्हणजे बेशुद्धी, हा दुसरा गैरसमज. हनुवटीवर हूक, म्हणजे कोपर वाकवून बाजूने मारलेला ठोसा, बसला की डोके झटक्याने फिरते, आतला मेंदू त्या वेगाने फिरत नाही, मागे राहतो. त्या पिळात क्षणभर भान जाते आणि पाय सुटतात. हा एक प्रकार झाला. दुसऱ्यात डोक्याचा संबंधच नसतो. उजव्या बरगड्यांखाली, यकृतावर डावा हूक बसला की खेळाडू सेकंदभर उभा राहतो आणि मग गुडघ्यावर बसतो. तो पूर्ण शुद्धीत असतो, पंचांचे आकडे ऐकतो, पण उठू शकत नाही. सप्टेंबर २००४मध्ये लास वेगासला बर्नार्ड हॉपकिन्सने ऑस्कर डे ला होयाला नवव्या फेरीत असेच बसवले. दोन्ही निकाल कागदावर नॉकआउटच, पण डॉक्टरांच्या दृष्टीने त्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

लढत पंचांनी थांबवली तर तो निकाल वेगळा. हौशी खेळात त्याला ‘आरएससी’, म्हणजे पंचांनी लढत थांबवली, असे म्हणतात. जखमेमुळे थांबवली तर ‘आरएससी-आय’. व्यावसायिक खेळात ‘टीकेओ’, तांत्रिक नॉकआउट. गोंधळाचे मूळ इथे आहे. व्यावसायिकाच्या कारकिर्दीचा हिशेब मांडताना टीकेओही नॉकआउटच्या रकान्यात धरतात. माइक टायसनच्या ५० विजयांत ४४ नॉकआउट लिहिले जातात, पण त्यातल्या कित्येक लढतींत दहापर्यंत मोजणी झालेलीच नाही. विजेंदर सिंगने ऑक्टोबर २०१५मध्ये मँचेस्टरला व्यावसायिक पदार्पण केले, तो तिसऱ्या फेरीतला विजयही टीकेओच होता. एकूण हिशेबात एकत्र धरले म्हणून एका लढतीच्या बातमीत तसे छापायचे कारण नाही.

आता डॉक्टरांचे. खेळाडू बेशुद्ध पडला तर रिंगणात पंच आणि रिंगणाशेजारचा डॉक्टर एवढेच थांबतात. आधी तोंडातला माउथगार्ड काढायचा, श्वास पाहायचा, मान न हलवता कुशीवर घ्यायचे. जिल्हा पातळीवर नेमके उलटे घडते: चार जण धावतात, बगलेत हात घालून उभा करतात, तोंडावर पाणी मारतात. मानेला इजा असेल तर ती इथेच वाढते. दुसरे, रिंगणाची जमीन. कॅनव्हासखाली साधारण दीड ते दोन सेंटिमीटर जाडीचे फेल्ट किंवा रबर हवे. ते वाचवण्यासाठी प्लायवर थेट कापड ताणले की ठोशापेक्षा पडतानाचा डोक्याचा आपट जास्त इजा करतो.

पुढचे २४ तास त्याला एकट्याला सोडायचे नाही, गाडी चालवू द्यायची नाही. डोकेदुखी वाढत गेली, उलट्या झाल्या, बोलणे अडखळले, गुंगी आली किंवा डोळ्यांच्या बाहुल्या लहान-मोठ्या दिसल्या तर थेट रुग्णालय. डोक्यावरच्या माराने झालेला नॉकआउट किंवा थांबवलेली लढत असेल तर किमान ३० दिवस लढत नाही, आणि स्पारिंग, म्हणजे सरावातली लढतही नाही. शुद्ध हरपली असेल किंवा थोड्या काळात पुन्हा तसे घडले तर हा काळ महिन्यांनी वाढतो. पहिली इजा भरून येण्याआधी दुसरा मार बसला, तोही साधा, तर मेंदूला झपाट्याने सूज येऊन जीव जाऊ शकतो. तरुण मुलांत हा धोका अधिक. म्हणून खेळाडूच्या नोंदवहीत निकाल आणि डॉक्टरांचा शेरा लिहितात. वही ‘घरी विसरली’ असे सांगून पुढच्या आठवड्यात दुसऱ्या तालुक्यात उतरणारी मुले असतात, तेव्हा स्पर्धेच्या आयोजकाच्या हाती असते ती बातमी. तिथे ‘नॉकआउट’ऐवजी नुसते ‘पराभूत’ छापले, किंवा गुणांवर हरलेल्याला ‘नॉकआउट’ केले, तर त्या कात्रणाचा उपयोग शून्य.

स्पर्धेच्या पद्धतीबद्दल थोडे. हरला की बाहेर, या पद्धतीला मराठीत ‘बाद पद्धत’ हा चांगला रुळलेला शब्द आहे. हिशेब सोपा. जितके खेळाडू त्याहून एक कमी लढती, कारण एक सोडून बाकी सगळे एकदाच हरायचे आहेत. संख्या ८, १६, ३२, ६४ अशी नसेल तर पुढच्या अशा संख्येतून खेळाडू वजा करायचे, तितक्यांना पहिल्या फेरीत पुढे चाल, म्हणजे न खेळताच दुसरी फेरी. नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै २०२५मध्ये बाटुमीला जिंकलेला महिला बुद्धिबळ विश्वचषक घ्या. खेळाडू १०७. १२८मधून गेले की २१, म्हणून २१ जणींना पुढे चाल. उरलेल्या ८६ जणींच्या ४३ लढती. ४३ आणि २१ मिळून दुसऱ्या फेरीत ६४. गावच्या स्पर्धेत चूक होते ती दुसऱ्या फेरीत पुढे चाल देण्याची. पहिल्या फेरीतच हिशेब जुळवला की मग ती वेळ येत नाही.

मुष्टियुद्धाच्या स्पर्धाही बाद पद्धतीच्याच असतात, आणि म्हणून इथे घोटाळा दुप्पट होतो. २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये निखत झरीन दुसऱ्याच लढतीत चीनच्या वू यूकडून ०-५ अशी गुणांवर हरली. ती स्पर्धेतून बाद झाली, नॉकआउट नव्हे. क्रिकेटमध्ये १९९८ला ढाक्यात आणि २०००ला नैरोबीत आयसीसीच्या स्पर्धेचे नावच ‘नॉकआउट’ होते, २००२पासून ती ‘चॅम्पियन्स ट्रॉफी’ झाली. तिथे कुणाचा गैरसमज होण्याची भीती नव्हती.

बाकी धंद्यांनी हा शब्द नेमकेपणाने सांभाळलेला आहे. कोल्हापूरला शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत ‘नॉकआउट’ म्हणजे साचा फोडून वाळूतून कास्टिंग मोकळे करणे. घाईने फोडले तर लालसर कास्टिंगला एकदम हवा लागते, पातळ भाग आधी आणि जाड भाग नंतर गार होतो, ताण धरून तडे जातात किंवा कातकाम करताना वाकते. उशीर केला तर मोल्डिंग बॉक्स अडकून पुढची ओतणी थांबते. तिथल्या मुकादमाला कास्टिंगची जाडी पाहून किती वेळ थांबायचे ते तोंडपाठ असते. वायरमनचा ‘नॉकआउट’ म्हणजे वीज वाटणाऱ्या पेटीच्या (डीबीच्या) पत्र्यावरची अर्धवट कापलेली गोल चकती, पाइप घालायचा तेवढीच ठोकून काढायची. जास्तीची काढली तर पाल आत शिरते, आणि भोकाला बुश लावला नाही तर पत्र्याची धार वायरचे आवरण कापते. वाहन कारखान्यात सुटे भाग येतात ते ‘नॉकडाउन’ किट, तिथे त्याला कुणी नॉकआउट म्हणत नाही. जनुकशास्त्रातही जनुक पूर्ण बंद केले तर ‘नॉकआउट’, त्याचे काम नुसते मंदावले तर ‘नॉकडाउन’. जनुक बंद केलेल्या उंदरांच्या तंत्रासाठी कापेकी, इव्हान्स आणि स्मिथीज यांना २००७चे नोबेल मिळाले. हा भेद त्या क्षेत्रात विद्यार्थीसुद्धा चुकवत नाही.

आमची मागणी लहान आहे. प्रत्येक लढतीच्या निकालपत्रकावर पंचांचा निकाल दोन-तीन अक्षरांत असतो: ‘डब्ल्यूपी’ म्हणजे गुणांवर, ‘केओ’ म्हणजे नॉकआउट, ‘आरएससी’ म्हणजे पंचांनी थांबवली, ‘एबीडी’ म्हणजे खेळाडूने किंवा त्याच्या कोपऱ्यातल्या प्रशिक्षकाने माघार घेतली, ‘डीएसक्यू’ म्हणजे अपात्र, ‘डब्ल्यूओ’ म्हणजे प्रतिस्पर्धी न उतरल्याने मिळालेली पुढे चाल. बातमीदाराने पत्रकाचा फोटो मागवून घ्यावा आणि अक्षरे जशी असतील तसा निकाल लिहावा. लढत मध्येच संपली असेल तर फेरी आणि वेळही द्यावी, उदाहरणार्थ ‘दुसरी फेरी, १ मिनिट ४० सेकंद’. एवढ्याला अर्धी ओळ लागते.

आपले,
मुष्टियुद्धाचे काही पंच व प्रशिक्षक, पुणे