संज्या, तुझ्या ब्राझीलनेच आमचा पोल्डी पळवला!

प्रिय संज्या,

तुझं पत्र मिळालं. जर्मन खेळाडू म्हणजे यंत्रं, त्यांना नेटवर कोण विचारतंय, असं लिहिलंयस. लेका, दर वर्ल्ड कपला गल्लीत ब्राझीलचा झेंडा लावणाऱ्यानं तरी असं लिहू नये. 2014 चा वर्ल्ड कप ब्राझीलमध्ये झाला, तेव्हा जर्मनीच्या लुकास पोडोल्स्कीला, म्हणजे आमच्या पोल्डीला, डोक्यावर घेतलं ते तुझ्या ब्राझीलवाल्यांनीच!

बरं, त्या वर्ल्ड कपात तो खेळला तरी किती? पोर्तुगालविरुद्ध शेवटची काही मिनिटं आणि अमेरिकेविरुद्ध पहिला हाफ. गोल एकही नाही. सेमीफायनल आणि फायनल, दोन्ही बेंचवरून बघितल्या. फोन मात्र सारखा चालू. पोर्तुगालला 4-0 हरवल्यावर चान्सलर मर्केलबाई अभिनंदनाला आल्या, तर हा पठ्ठ्या त्यांच्याबरोबरच सेल्फी काढून मोकळा! मधेमधे चक्क ब्राझीलवाल्यांच्या भाषेत, पोर्तुगीजमध्ये पोस्टी. लिहून देणारा कुणीतरी हाताशी असणारच, पण तेवढी तसदी तरी किती पाहुणे घेतात?

मग 8 जुलै आला. बेलो होरिझोंतेची सेमीफायनल, जर्मनी 7, ब्राझील 1. (जखमेवर मीठ चोळत नाही, पण आकडा लिहिल्याशिवाय राहवतही नाही.) आपल्या कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर कुणी सात गोल मारले असते तर जिंकलेल्या पेठेत पहाटेपर्यंत हलगी थांबली नसती. पोल्डीनं काय केलं? पोर्तुगीजमध्येच लिहिलं, की या पिवळ्या जर्सीचा मान राखा, फुटबॉलवर ब्राझीलचे फार उपकार आहेत, आम्ही सगळे ब्राझीलचा खेळ बघतच मोठे झालो. घरच्या मैदानावर अब्रू गेलेल्या माणसाला त्या रात्री हे ऐकायला मिळणं, ते पण जिंकणाऱ्याकडून! लोक त्याच्यावर फिदा झाले ते उगाच नाही.

उलट जर्मनीचाच, पण तुर्की वंशाचा मेसुत ओझिल बघ. तोही तेव्हा पोल्डीबरोबर इंग्लंडच्या आर्सेनल क्लबात. फॉलोअर्स पोल्डीच्या कितीतरी पट. 2018 मध्ये तुर्कस्तानचे अध्यक्ष एर्दोगान यांच्याबरोबरच्या एका फोटोवरून जर्मनीत रान उठलं, आणि जुलैत त्यानं ट्विटरवरूनच राष्ट्रीय संघ सोडला. जिंकलो की मी जर्मन, हरलो की स्थलांतरित, हे त्याचं वाक्य तेव्हा जगभर फिरलं. 2019 मध्ये चीनमधल्या उइगुर मुसलमानांच्या बाजूनं लिहिलं तर चीनच्या सरकारी टीव्हीनं आर्सेनलची मॅचच दाखवली नाही, आणि तिथल्या व्हिडिओ गेममधून त्याला काढून टाकलं. एवढे फॉलोअर्स, पण त्या दिवशी कामाला कोण आलं? मला ओझिलबद्दल वाईट वाटतं. पोल्डीचा जन्म तर पोलंडचा, लहानपणी घरच्यांबरोबर जर्मनीत आलेला, पण त्याला हे असं कधी ऐकावं लागलं नाही. का, ते तू सांग.

पोल्डीच्या फोटोचीही एक गंमत आहे. ब्राझीलमध्ये जेट स्कीवर बसलेला त्याचा फोटो 2017 मध्ये ब्राइटबार्ट या अमेरिकन साइटनं निर्वासितांची चोरटी वाहतूक करणाऱ्या टोळीच्या बातमीला लावला! वर्ल्ड कप विजेता जर्मन! मग माफी मागावी लागली.

एक दिवस पोलंडच्या गुर्निक झाब्झे क्लबकडून खेळणार असं तो वर्षानुवर्षं सांगायचा, आणि 2021 मध्ये खरंच गेला. आता तुझा तो नेमार लहानपणीच्या क्लबात परतला म्हणून मला मोठा मेसेज पाठवू नकोस, माहीत आहे मला. पत्रच लिही. काकींना नमस्कार सांग.

तुझा,
विन्या