कानाचं काय झालं ते आधी कळव

आमोणे, 2 डिसेंबर 2014

चि. बाय हिस अनेक आशीर्वाद.

तुझी लांबलचक मेल भाऊने छापून आणली. मी दोनदा वाचली आणि मग बाबांना मोठ्याने वाचून दाखवली. लंडनचं ते ओटू, वीसेक हजार माणसं मावतील एवढं, त्यात ‘द नॅशनल’ बँडच्या कार्यक्रमाला तू अगदी पुढे! तो गायक माइकची लांब वायर ओढत गर्दीत उतरला आणि तुला घासून गेला, हे बाबांनी परत वाचायला लावलं. शेवटची ओळ मात्र मी त्यांना वाचली नाही. ‘डाव्या कानात दोन दिवस शिट्टी वाजतेय, जाईल.’ गेली का गं?

कानाचं एवढंच विचारते, पुन्हा विचारणार नाही.

त्या नॅशनलवाल्यांबद्दल भाऊला नेटवर शोधायला लावलं. पाचही जण ओहायोतल्या सिनसिनाटीचे, त्यात भावांच्या दोन जोड्या, एक तर जुळीच. 1999 साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनला बँड काढला, 2001 मध्ये पहिला अल्बम, तोही स्वतःच्याच लेबलवर. पहिली काही वर्षं नोकऱ्या सांभाळूनच वाजवलं. 2005 मध्ये तिसरा अल्बम घेऊन दौऱ्यावर निघाले, तर त्यांच्या आधी वाजवणारा बँडच लोकांचा लाडका निघाला. त्याला ऐकून माणसं घरी जायची आणि हे उरलेल्यांसमोर वाजवायचे. हे वाचून मला गलबलून आलं. गेल्या वर्षी त्यांनी आपल्याच ब्रुकलिनमधल्या बार्क्लेज सेंटर या मोठ्या सभागृहात कार्यक्रम केला आणि आता हे ओटू. तू नोकरी सोडायचं विचारतेस म्हणून मुद्दाम लिहिते, मधली वर्षं मोज. पगार चालू ठेवून ड्रम वाजवण्यात कमीपणा नाही. खोलीचं भाडं, विमा, आजारपण, तिथे तुझ्याजवळ कोण आहे? बघ, व्याख्यान सुरू झालं. माफ कर. तू लहान नाहीस, ठरवशील ते नीटच ठरवशील.

अजून एक सापडलं. गेल्या वर्षी मे महिन्यात न्यूयॉर्कच्या एका संग्रहालयात त्यांनी एकच गाणं सहा तास वाजवलं, 105 वेळा! बाबा म्हणाले, ‘हा तर वास्कोचा सप्ताह.’ तिथे दामोदराच्या देवळात चोवीस तास भजन चालतं खरं, पण तिथे मंडळी आळीपाळीने बसतात. इथे सहा तास तीच माणसं. त्यांचे कान कसे टिकले असतील?

आलेच परत तिथे. आता लिहूनच टाकते.

बाबाही पहिल्यांदा ‘जाईल’च म्हणाले होते. खाणीचं खनिज वाहणाऱ्या बार्जच्या इंजिनरूममधून घरी आले की रात्रभर कानात शिट्टी, सकाळी कमी. मग सकाळीही कमी होईना. कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, आतल्या कानात बारीक केसांसारख्या पेशी असतात, एकदा गेल्या की परत येत नाहीत. 85 डेसिबलचा आवाज कानाला आठ तास चालतो, पण 100 ला पंधरा मिनिटांत तेवढाच मारा होतो. तुझ्या कार्यक्रमात 100 सहज असणार, आणि तू पंधरा मिनिटांनी बाहेर आली नसशीलच. खाण बंद होऊन दोन वर्षं झाली, बार्जी जेटीला बांधलेल्या, आणि बाबांच्या कानातलं इंजिन अजून चालूच आहे. कुकरची शिट्टी त्यांना ऐकू येत नाही. आवाज कळतो, पण शब्द नाही, त्यात बायकांचा आणि पोरांचा तर मुळीच नाही. फोनवर ते तुला ‘हो, हो’ म्हणतात ना, त्यातलं निम्मं त्यांना कळलेलं नसतं. तू फोन ठेवलास की मला विचारतात, काय म्हणाली? तुला सांगायचं नाही असं आमचं ठरलं होतं.

चवथीला आरतीच्या वेळी तू शामेळ, ती छोट्या ढोलांची जोडी, वाजवायचीस. आजोबांचं मातीचं घुमट आणि मध्ये कासाळेंची झांज, त्यात तुझी काठी एकदाही चुकायची नाही. फ्रॉकवर गुलाल असायचा, डोळे मिटलेले आणि ओठ हलत असायचे. कोणीतरी म्हणालं, मुलीने काय हे, तर बाबा उठून तुझ्या शेजारी जाऊन बसले होते. तेव्हा त्यांना सगळं ऐकू यायचं. तुझा ताल ते अजून पायाने धरतात, जेवताना, नकळत. तू स्टेजवर बसलीस तर आम्ही येणार, मी कर्ज काढून येईन.

म्हणून सांगते, ड्रम सोड असं म्हणत नाही. वाजवणाऱ्यांसाठी कानाच्या मापाचे प्लग मिळतात, ते करून घे, तालमीलाही घाल. आणि शिट्टी अजून असेल तर या आठवड्यातच तपासून घे. नसेल तरीही तपास.

ओल्ड गोव्याला सेंट फ्रान्सिस झेवियरचं शवप्रदर्शन चालू आहे, रस्ते तुडुंब. मावशीकडे जायला बस मिळेना. आजी बरी आहे, तुझ्यासाठी कोकमं बाजूला ठेवली आहेत.

त्या ड्रमवाल्याच्या कानात काही होतं का, बघितलंस? तू पुढेच होतीस म्हणून विचारते.

तुझी,
आई