मुद्दाम

प्रिय शुभे,

परवा फोन मधेच ठेवला त्याबद्दल सॉरी गं, नर्सरीतून टीचरचा कॉल येत होता. परत मारामारी. यावेळी चिरंजीवांनी लाकडी ठोकळा फेकून मारला एका मुलीला, कपाळावर हे एवढं टेंगूळ, आणि गेटवर तिची आई माझ्याकडे अशी बघत होती की धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

घरी आल्यावर विचारलं का मारलंस रे, तर म्हणतो, "तिने मुद्दाम माझा टॉवर पाडला." टीचर म्हणाली ती पळत होती, धक्का लागला, बास.

सायकॉलॉजीच्या एम.ए.ला आपण बांदुराचा बोबो डॉलचा प्रयोग घोकला होता आठवतंय? 1961, स्टॅनफर्डची नर्सरी, 72 मुलं, मोठं माणूस फुगवलेल्या बाहुलीला बदडतं आणि मग मुलंही बदडतात. म्हटलं आमच्याकडे कोण कोणाला बदडतंय, आपण सुटलो. पण रात्री झोप येईना म्हणून माळ्यावरच्या नोट्स काढल्या (अर्ध्या तुझ्याच अक्षरातल्या) आणि त्यात केनेथ डॉज सापडला, मुलांच्या मारकुटेपणावर काम केलेला मानसशास्त्रज्ञ. धक्का लागला, मुद्दाम की चुकून ते धड कळत नाही, अशा वेळी मारकुटी मुलं सरळ मुद्दामच धरून चालतात. 1990 च्या त्याच्या अभ्यासात 309 मुलं होती, ज्यांना घरी जबर मार बसला होता ती पुढे शाळेत जास्त हात उगारायची, आणि त्यामागे थोडाफार हाच समोरच्याला शत्रू समजायचा चष्मा होता.

आता मार नाही आमच्याकडे, खरंच नाही. पण दुसऱ्या दिवशी त्याच्या हातून दूध सांडलं आणि माझ्या तोंडून काय निघालं माहितेय? "मुद्दाम सांडलंस ना?" मग कान देऊन ऐकायला लागले तर दिवसभर तेच, रिक्षावाला मुद्दाम आडवा आला, बॉसने मुद्दाम सहाला मीटिंग लावली, कामवालीने मुद्दाम दांडी मारली. आपल्या नोट्समध्ये असलं काही नाही हां, हे माझं मलाच जाणवलं.

दुसरं म्हणजे जेवतानाचा मोबाईल. ओरेगॉनच्या पॅटरसन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने आई-बाप आणि मुलांच्या भांडणाचं जे वर्तुळ मांडलंय ना ते आमच्या डायनिंग टेबलवर रोज रात्री साडेआठला फिरतं, मी नाही म्हणते, तो किंचाळतो, मी त्याच्यावर ओरडते, तो अजून वरच्या पट्टीत, शेवटी मी दमून फोन देते आणि घर शांत. त्याला कळलं किंचाळलं की मिळतं, मला कळलं दिलं की सुटका होते. आई म्हणते वयाचं आहे, सुटेल. तीही अगदीच चूक नाही, दोन-तीन वर्षांची बरीचशी मुलं मारतात-चावतात आणि बहुतेकांचं पुढे कमी होत जातं. पण हा आता साडेचारचा आहे.

सध्या आम्ही हत्ती आणि माकड घेऊन "चुकून की मुद्दाम" खेळतो. काल माझा पाय त्याच्या जेसीबीवर पडला, चाक निखळलं. हात उगारलाच होता पठ्ठ्याने, मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाला, "चुकून?" मी हो म्हटलं. तरी जेसीबी सोफ्यावर आपटलाच.

रविवारी त्या मुलीकडे जायचंय. नारळाच्या वड्या न्याव्यात का गं, की उगाच लाच दिल्यासारखं दिसेल? लवकर कळव.

तुझीच,
मीनल