ला सोलितुदिने, दोनदा

बोलोन्या, इटली,
१६ नोव्हेंबर

प्रिय पक्या,

फोनवर तू विचारलंस, "तिकडे जाऊन गाणीबिणी ऐकतोस का नुसती यंत्रंच पुसतोस?" उत्तर फोनवर मावणारं नव्हतं, म्हणून कागद घेतला. अक्षर तेच आहे, तक्रार करू नकोस.

गेल्या शनिवारी जुन्या बाजारात दोन युरोला एक सीडी उचलली. लाउरा पाउझीनी या इटालियन गायिकेची, '२० – द ग्रेटेस्ट हिट्स'. २०१३ साली निघालेली, तिच्या वीस वर्षांच्या गाण्यांतली निवडक. डबीला तडा गेलाय आणि आतल्या पुस्तिकेवर कुणाच्या तरी कॉफीचा गोल डाग आहे. माझ्या भाड्याच्या घरात ओट्यावर एक सीडीवाला रेडिओ आहे, त्यावर लावली आणि कांदा परतायला घेतला. गाणं निम्म्यावर आलं असेल नसेल, दारावर टकटक. म्हटलं झालं, फोडणीचा वास खाली पोचला. दार उघडतो तर घरमालकीणबाई. वासाबद्दल चकार शब्द नाही. रेडिओकडे बोट दाखवून म्हणाल्या, "हे ते नव्हे."

गाणं 'ला सोलितुदिने'. म्हणजे एकटेपण. शाळकरी मुलीचं गाणं आहे: मार्को निघून गेलाय, साडेसातची आगगाडी त्याच्याशिवाय येते, वर्गातलं त्याचं बाक रिकामं. एवढंच. १९९३च्या फेब्रुवारीत सान रेमोच्या गाण्यांच्या स्पर्धेत नवोदितांच्या गटात लाउरानं ते गायलं आणि पहिली आली. वय अठरा. ही स्पर्धा १९५१पासून चालू आहे आणि त्या दिवसांत हा देश टीव्हीसमोरून हलत नाही. सकाळी कॉफीच्या काउंटरवर जो तो परीक्षक. आपल्याकडे मॅचच्या दुसऱ्या दिवशी चहाच्या गाड्यावर असतात ना, तसे.

आता बाईंचा आक्षेप काय, तर या सीडीवर ते मूळचं गाणं नाहीच. वीस वर्षांनी नव्यानं गाऊन घेतलंय, आणि वाद्यवृंद कुणाचा? एन्नियो मोरिकोनेचा! तोच रे, घोडे-बंदुकांच्या सिनेमांना शीळेचं संगीत देणारा. बाईंना मोरिकोनेबद्दल आदर आहे, पण तो म्हणे आपल्या जागी. मग त्यांनी फोनवर १९९३चं लावलं, माझ्या कांद्याकडे बघत गॅस बारीक केला आणि ओट्याला टेकून सगळं गाणं स्वतः म्हटलं. आवाज बेताचा. पण ध्रुवपदाच्या तोंडाशी जुने ड्रम धाडकन येतात, तिथे त्यांनी बरोब्बर ओट्यावर थाप मारली. त्या वर्षी त्या शाळेच्या शेवटच्या इयत्तेत होत्या आणि इमोलाहून रोज गाडीनं यायच्या. मी विचारलं, तुमचाही मार्को होता की काय? म्हणाल्या, "मार्को नव्हता. गाडी होती."

त्या गेल्यावर मी दोन्ही गाणी पाठोपाठ ऐकली, चार वेळा. (कांदा जळला, विचारू नकोस.) संगीत म्हणून पाहिलंस तर नवं उजवं आहे, यात वाद नाही. तंतुवाद्यं हळूहळू भरत जातात आणि लाउरा कुठेही घाई करत नाही. एकोणचाळीस वर्षांची, त्याच वर्षी आई झालेली बाई एका जुन्या मुलीची गोष्ट सांगतेय. पण १९९३मध्ये ती मुलगी गोष्ट सांगत नाहीये रे. तिची गाडी नुकतीच सुटलीय. वरच्या सुराला ती जवळजवळ ओरडते, कारण तिला अजून माहीतच नाही की माणूस यातूनही वाचतो. नव्या गाण्यात ते माहीत असल्याचं ऐकू येतं. म्हणून माझं मत: निवडक काढताय ना, मग दोन्ही घाला. एक काढून त्या जागी दुसरं बसवलंत की बाईंसारखी माणसं जिना चढून वर येणारच.

तुला राजारामपुरीतलं कॅसेटचं दुकान आठवतंय? आपण वहीच्या पानावर यादी करून द्यायचो आणि नव्वद मिनिटांची कोरी कॅसेट भरून घ्यायचो. ए साइडला तुझी गाणी, बी साइडला माझी, आणि पहिलं कोणतं यावरून आठवडाभर अबोला. बी साइडच्या शेवटी फीत संपली आणि त्या भावगीताचा शेवटचा अंतरा अर्ध्यात तुटला, तेव्हा तू दुकानदाराशी भांडून आलास. मी पुढे ते गाणं पूर्ण ऐकलं, रेडिओवर, कितीदा तरी. तरी त्या जागेवर आलं की माझे कान थांबतात. पुढचे शब्द आगंतुक वाटतात. बाईंना ओट्यावर थाप मारताना बघून मला तोच अंतरा आठवला.

सीडीतलं बाकीचं भराभर सांगतो. १९९४ला ती पुन्हा सान रेमोला गेली, या वेळी मोठ्यांत, 'स्त्रानी आमोरी' घेऊन, आणि तिसरी आली. मला ते पहिल्यापेक्षाही आवडतं. त्याच वर्षी तीच गाणी स्पॅनिशमध्ये गाऊन तिनं स्पेन आणि दक्षिण अमेरिका पालथी घातली. तिकडच्या लोकांना ती आपलीच वाटते. २००६चं ग्रॅमीही स्पॅनिश अल्बमलाच मिळालं, 'एस्कुचा'ला. ग्रॅमी मिळवणारी ती पहिली इटालियन गायिका. बाईंना याचा अभिमान आहे आणि थोडा मत्सरही, मुलगी सासरी जास्त रमली की होतो तसा. २००७ला मिलानच्या सान सिरो स्टेडियमवर तिनं भर पावसात कार्यक्रम केला. तिथे स्वतःचा कार्यक्रम करणारी पहिली बाई. नव्या गाण्यांत ऑस्ट्रेलियन गायिका कायली मिनोगबरोबरचं 'लिंपिदो' आहे. चकचकीत, उड्या मारणारं. मी पुढे ढकलतो.

काल मात्र एक वेडेपणा केला. माझी रोजची गाडी इमोलापर्यंतची, गोळ्यांची पाकिटं भरणाऱ्या यंत्रांच्या कारखान्यात. काल सुट्टी, तर उतरलोच नाही. पुढे कास्तेल बोलोनेझेला गाडी बदलली आणि सोलारोलोला गेलो, लाउरा जिथे वाढली तिथे. आपल्या तालुक्याच्या गावाहूनही लहान. सपाट जमीन, पीचच्या बागा, नोव्हेंबरात सगळी झाडं उघडी. तिचे वडील पियानो-बारमध्ये गायचे-वाजवायचे, आणि आठव्या वाढदिवशी तिनं त्यांच्याबरोबर पहिल्यांदा लोकांसमोर गायलं. २०२३च्या मे महिन्यात या सगळ्या पट्ट्यात पूर आला होता, सोलारोलोतही पाणी शिरलं. एका भिंतीवर माझ्या कमरेएवढ्या उंचीला मातकट रेघ दिसली, पुराचीच असावी. कुणाला विचारायचं धाडस झालं नाही. एका टपरीवजा दुकानात पियादीना खाल्ली, म्हणजे मैद्याची जाड पोळी, आत चीज आणि पालेभाजी. काउंटरवरच्या आजोबांना लाउराचं नाव काढलं, तर त्यांनी नुसता हात हलवला, रोज कुणी ना कुणी विचारत असेल तसा, आणि पाणी हवं का म्हणाले.

परतीच्या फलाटावर कुणी नव्हतं. गाडीला वीस मिनिटं होती. हेडफोन लावले आणि जुनंच ऐकलं, मोरिकोनेसाहेबांची माफी मागून.

आता काम. डिसेंबरात चोवीसला पोचतोय. ती कॅसेट तुझ्याकडेच आहे, नाही म्हणू नकोस, तुझ्या लग्नात सामान हलवताना मी स्वतः पाहिलीय. तुझा पोरगा हल्ली जुन्या फिती साफ करून फोनवर चढवतो म्हणालास. त्याला सांग, या कॅसेटला हात लावू नकोस. शेवटचा अंतरा कुठून तरी शोधून जोडून वगैरे तर मुळीच नाही. तू फक्त एक चालू टेप मिळवून ठेव. सेल मी आणतो.

काकूंना नमस्कार. वहिनींना सांग, या खेपेला चॉकलेट नाही, चीज आणतोय.

तुझाच,
बाळ्या